तिसऱ्या गाळ्यातली वर्तुळं

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका जुन्या लोखंडी पुलावर उभे आहात. खाली नदी आहे, पण मार्चातली. पाणी कमी आणि वाळूच जास्त. पुलाच्या दोन खांबांमधल्या भागाला गाळा म्हणतात. दोन्ही हातांना लोखंडी पट्ट्यांच्या उंच कैच्या आहेत. जिथे पट्टीला पट्टी जोडली आहे, तिथे अर्ध्या लिंबाएवढी गोल डोकी ओळीनं बसवलेली दिसतील. ती रिव्हेटची डोकी.

आता हातात एक छोटा हातोडा घ्या आणि एका डोक्यावर हलकेच मारा. टण्ण! रिव्हेट पक्का आहे. पुढच्यावर मारा. बद्द. हा ढिला झाला, बदलायला हवा.

एक माणूस एकतीस वर्षं हेच काम करत होता. कान हीच त्याची विद्या. आणि एके दिवशी सगळे म्हणाले, हा खोटारडा आहे. त्या माणसाची ही गोष्ट.

साल १९७५. सोलापुरात सात रस्त्याजवळ, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत सावित्रम्मा बसत. वीस वर्षं त्यांनी गिरणीत कापड तपासायचं काम केलं होतं. शंभर वार कापडात चुकलेला एक धागा त्यांना दिसे. गिरणी सुटल्यावर लोक त्यांच्याकडे हरवलेल्या वस्तू आणि न सुटणारी भांडणं घेऊन येऊ लागले, आणि त्याचाच त्यांनी व्यवसाय केला. सोबतीला सिदू बंडगर. हा एसटीचा निवृत्त कंडक्टर, मनानं सरळ, डोक्यानं सावकाश.

मार्चातल्या एका सकाळी जिना चढून निंगप्पा आले. डोक्याला पटका, हातात टोपी नसतानाही टोपी धरल्यासारखे जोडलेले हात. मागे दहा वर्षांची नात होती, दाक्षायणी.

"बसा निंगप्पा. काय झालं?"

"अक्का, बेलहट्टीच्या पुलाचा मी मुकादम. जानेवारीत सगळा पूल ठोकून बघितला. तिसऱ्या गाळ्यात तेवीस रिव्हेट ढिले निघाले. तेवीसला खडूनं गोल मारलं. दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुट्टी लागली, मी गड्ड्याला सोलापुरात आलो."

सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापूरकडे गड्डा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

"मग?"

"हितं आलो आणि तापानं पडलो. पाव्हण्याकडं आठ दिवस. तेवढ्यात रिव्हेट बदलणारी गँग आली. त्यांना एक पण गोल दिसलं न्हाय. 'पूल पक्का हाय' म्हणून गेली. मागनं रंगवाले आले, रंग देऊन मोकळे. आणि फेब्रुवारीत एसटी जाताना तिसऱ्या गाळ्याखालची पट्टी निखळून पडली."

"कुणाला लागलं?"

"माणूस वाचलं. खाली येडू धनगराचा एडका व्हता, जागच्या जागी मेला. पूल बंद. नऊ गावांची एसटी बंद. आणि साहेब म्हणतो, तू ठोकलंच न्हाईस, गड्ड्याला जायची घाई झालती तुला."

सिदू म्हणाला, "सोपं आहे की! आता ठोकून दाखवा. ढिले असतील ते बद्द वाजतील."

"वाजत्यात की. तेवीसच्या तेवीस." निंगप्पांचा आवाज खाली गेला. "साहेब म्हणतो, ढिले हायत, म्हणूनच तर तू तपासलं न्हाईस!"



"लिहून ठेवलं नव्हतं?" सावित्रम्मांनी विचारलं.

"माझं लिवनं न्हाय, अक्का. खडू हीच माझी वही. मी गोल मारायचं, ओव्हरसियरनं मोजून कागदावर चढवायचं, असं चालत आलंय. ह्या बारीला मधे सण आला." त्यांनी मान वर केली नाही. "मे महिन्यात घरी बसायचं वय व्हतंय. पण असं? गावातली पोरं माझ्या मागनं 'टण्ण-बद्द' वरडत्यात. सोमवारी चौकशी हाय. माझं नाव तेवढं धुऊन द्या."

सावित्रम्मांनी नातीच्या हातावर शेंगदाण्याची चिक्की ठेवली. दाक्षायणीनं ती मुठीत धरली. उठून जाईपर्यंत मूठ उघडली नाही.

शनिवारी सावित्रम्मा आणि सिदू बेलहट्टीला पोचले. पुलाच्या तोंडाशी आडवा बांबू लावला होता. निंगप्पांनी आत पाऊल टाकण्याआधी वाकून लोखंडाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"अठराशे एक्याण्णवचा पूल हाय," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जीव आला. "विलायतेहून तुकडे आले, बोटीनं मुंबईला, रेल्वेनं सोलापूरला. तितनं चाळीस गाड्यांवर हितं. एकेका तुकड्यावर आकडा, जसं पोरांचं हजेरीपुस्तक. माझा आज्जा भट्टीवर व्हता. रिव्हेट लाल करायचा, चिमट्यानं वर फेकायचा. वरचा गडी बादलीत झेलायचा. थंड व्हायच्या आत घण!"

"एकही खाली पडायचा नाही?" सिदूनं विचारलं.

"पडला तर नदीत चर्र! आणि मुकादमाची शिवी." निंगप्पा पहिल्यांदा हसले. "त्या वर्षी गोऱ्या साहेबानं गड्ड्याला सुट्टी दिली न्हाय. म्हणाला, पावसाच्या आत पूल पाहिजे. मग त्या गड्यांनी काय केलं, सण पुलावरच केला! ही गोष्ट मी दाक्षीला दर संक्रांतीला सांगतो. ह्या वर्षी तेवढी ऱ्हायली."

"अक्का, वेळ जातोय," सिदू कानाशी पुटपुटला. "ऐंशी वर्षांपूर्वीचा सण आपल्याला काय करायचाय?"

"ऐक. फुकट आहे."

तिसऱ्या गाळ्यात सावित्रम्मा गुडघ्यावर बसल्या. पूल नवीन लाल रंगानं चकचकत होता. एका रिव्हेटच्या डोक्यावर त्यांनी अंगठा दाबून फिरवला. रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून आला. खाली लोखंड चिकट होतं.

पुढच्या डोक्यावर अंगठा फिरवला. रंग घट्ट. त्याच्या पुढच्यावर पापुद्रा.

"सिदू, वास घे."

सिदूनं नाक लावलं. "मशीनचं तेल नाही हे. आमच्या घरी कढईच्या काठाला बसतं ना, तसा वास."

"आता असे सगळे मोज. पापुद्रा निघतो तेवढेच."

सिदूनं अर्धा तास घेतला. तिकिटाच्या पाठीवर रेघा मारत मारत आला. "अडुसष्ट. दोनदा मोजले."

"गोल तेवीसच व्हती!" निंगप्पा म्हणाले.

"ढिले तेवीस या अडुसष्टात आहेत का?"

निंगप्पांनी हातोडा घेतला आणि ठोकत गेले. तेवीसही त्यातच निघाले. बाकीचे पंचेचाळीस टण्ण वाजले, अगदी पक्के.

सावित्रम्मांनी कठड्याला पाठ लावली आणि आपल्या पदरानं लोखंडावरची उंची मापली. "सगळ्यात वरचा डाग चार फुटांवर आहे. त्याच्या वर एकही नाही."

"पाणी साठतं ते खालच्या जोडात," निंगप्पा म्हणाले. "ढिले व्हतात ते खालचेच."

"ढिल्यांचं ठीक. पण पक्के पंचेचाळीसही खालचेच का?"



रंगाचा ठेकेदार गुरुसिद्धप्पा पलीकडच्या तीरावर डबे आवरत होता.

"खडू पुसला असंल दवानं," तो म्हणाला. "माझा काय संबंध, बाई?"

"रिव्हेट बदलायला आठ दिवस लागले असते. तुमचे गडी बसून राहिले असते."

"म्हणून काय मी गोल पुसू? मला काय पूल पडायला पाहिजे?"

"रंग देताना काही वेगळं दिसलं?"

"न्हाय." उत्तर फार लवकर आलं. त्यानं स्वच्छ हात पुन्हा फडक्याला पुसले.

ओव्हरसियर मल्लप्पा चौकीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं.

"वर्तुळं दिसली नाहीत. न दिसलेलं मी रिपोर्टात कसं लिहू?"

"एकतीस वर्षांत असं कधी झालं होतं, की निंगप्पांनी एकही वर्तुळ काढलं नाही?"

"…नाही."

"मग त्यांना विचारलंत का?"

"ते सोलापुरात आजारी होते."

"म्हणजे बसनं तासाभरावर."

मल्लप्पानं एक पेन काढून दुसऱ्या खिशात ठेवलं.

येडू धनगर खाली वाळूत मेंढरं घेऊन बसला होता. सिदूनं त्यालाच धरलं.

"तुझं आणि निंगप्पाचं भांडण होतं म्हणे?"

"हाय की! ह्यो बाबा कळप सोडत न्हाय पुलावर. ईस-ईस मेंढरं मोजून सोडतो, जशी त्याच्या बापाची. पन म्हणून मी पूल पाडीन व्हय? एडका माझाच मेला की! माझं नाव येडू हाय, मी येडा न्हाय."

"मेंढरं अंग घासत गेली असतील," सिदू उत्साहानं सावित्रम्मांकडे वळला. "लोकरीला तेलकटपणा असतोच! खडू पुसला, तेल लागलं. झालं!"

"मेंढरू अंग घासेल तर पट्टाच्या पट्टा तेलकट होईल. इथे एक डोकं सोडून दुसरं आहे. मेंढरं निवडून घासत नाहीत, सिदू."

येडू जोरात हसला, सावित्रम्माही हसल्या. मग नदीच्या पात्राकडे बघत म्हणाला, "बाई, एक इचारू? मुकादमाच्या नातीला काय झालंय? संक्रांतीपासनं शाळेला पुलावरनं जात न्हाय. वाळूतनं जाते, पाय भाजत. तवा तर पूल चालू व्हता की."

सावित्रम्मांचं हसू थांबलं.

दुपारी निंगप्पांच्या घरी जेवण झालं. त्यांची बायको बसम्मा भाकरी थापत होती. "संक्रांत कशी झाली?" सावित्रम्मांनी सहज विचारलं.

"कसली संक्रांत, अक्का! ह्यांनी पोरीला गड्ड्याला न्हेतो म्हणून तीन वर्सं नादी लावलं, आणि पहाटे एकटेच गेले. बसला गर्दी हाय म्हणे. आणि मी भोगीच्या भाजीला फोडणी द्यायला बरणी काढली तर तळ! करडईचं अर्धी बरणी तेल. मांजरानं सांडलं म्हणावं तर भुईवर थेंब न्हाय."

दाक्षायणी ताटावरून उठली. भाकरी अर्धी तशीच होती.

सोमवारी सकाळी दहाला साहेबांची जीप येणार होती. नऊ वाजता सावित्रम्मा निंगप्पांच्या घरी आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आत निंगप्पा, बसम्मा आणि सिदू. दाक्षायणी धान्याच्या कणगीआड उभी होती. तिला सगळे पाहत होते, पण कुणी हाक मारली नाही.

"वर्तुळं कुणी पुसली, ते मला कळलं आहे," सावित्रम्मा म्हणाल्या. "पण ऐकताना एक लक्षात ठेवा. ज्यानं पुसली, त्याला पुसायची नव्हतीच."

"म्हणजे?" सिदू म्हणाला.

"आधी गुरुसिद्धप्पा. त्याला वर्तुळं नको असती तर त्यानं ओलं फडकं मारलं असतं. रंगवाला माणूस जिथे रंग द्यायचा तिथे तेल कधीच लावणार नाही. तेलावर रंग धरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मात्र रंग देताना ते त्याला दिसलं, आणि तो गप्प बसला. त्याचे हात तेच सांगत होते."

"आणि ओव्हरसियर?"

"त्याला वर्तुळं मिटवायची असती तर तेवीसच मिटवली असती. तेवीसांच्या जोडीला पक्के पंचेचाळीस त्यानं कशाला तेलात माखावे? मेंढरांचं तर आपण बोललोच. म्हणजे कुणीतरी एकेक डोकं निवडून, हातानं, घरातलं तेल लावलं. खडूवर तेल ओघळलं आणि वर्तुळं विरून गेली. रंगाच्या खाली तेल आहे, म्हणजे हे रंगाच्या आधी झालं. संक्रांतीच्या सुमारास."

"पण तेल लावायचं कशाला? आणि अडुसष्टच का?" सिदू म्हणाला.

"सिदू, तू सोलापूरचाच ना? संक्रांतीच्या आदल्या दिवशी गड्ड्यात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत निघतात, त्या कुठे जातात?"

सिदूनं बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "सिद्धेश्वरानं स्थापलेल्या लिंगांना तेल घालायला. शहराभोवती… अडुसष्ट लिंगं…" त्याचं बोट हवेत राहिलं.

"लोखंडातून वर आलेलं गोल डोकं. त्याच्याभोवती पांढरं वर्तुळ. निंगप्पा, तुम्हाला तो ढिला रिव्हेट दिसतो. मला रिव्हेट दिसतो. गड्ड्याला जायची तीन वर्षं वाट पाहणाऱ्याला काय दिसेल?"



"पिंडी," बसम्मा हळूच म्हणाली.

"तेवीस पिंड्या आयत्या मिळाल्या. अडुसष्टाला पंचेचाळीस कमी पडत होत्या. त्या खडूनं स्वतः काढल्या, तेल घालायला हात सहज पोचेल तिथवर. म्हणजे चार फुटांपर्यंत. मग बरणीतलं तेल घेऊन एकेकीला घातलं, मनोभावे. निंगप्पा, तुमच्या आज्ज्याच्या गड्यांनी सण पुलावर केला, तो कसा?"

"तेल घालून," निंगप्पा म्हणाले. "आपल्या हातानं ठोकलेल्या रिव्हेटांना. मीच सांगितली ही गोष्ट… मीच."

कणगीआडून हुंदका आला.

"अज्जा, मला वाटलं तुमचं मोजून झालं असंल," दाक्षायणी म्हणाली. ती बाहेर आली नाही. "गँग आली तवा कळलं. मी सांगायला गेले व्हते. चौकीपर्यंत गेले आणि परत आले. मग पट्टी पडली. मग तर… मग सांगताच येईना."

बसम्मा डोळ्याला पदर लावून म्हणाली, "दीड महिना पोरीनं हे पोटात धरलं, आणि मी तेलासाठी मांजराला शिव्या देत बसले."

निंगप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. मुलांनो, लाज ही विचित्र असते. चूक एकाची असली तरी घरातल्या प्रत्येकाला आपला वाटा सापडतो. त्या पहाटे झोपलेल्या नातीच्या अंगावर वाकळ ओढून आपण हळूच दार लावलं होतं, हे त्यांना आठवत होतं.

मग ते उठले. "अक्का, हे हितंच ऱ्हाऊ द्या. साहेबाला सांगतो, मी ठोकलं न्हाय. माझं काय, दोन महिनेच ऱ्हायलेत. पोरीला जन्मभर गावात ऱ्हायचंय. तिला 'पूल पाडणारी' म्हणतील."

सिदूनं सावित्रम्मांकडे पाहिलं. "तिचं नाव न घेता सांगता येईल की! तेलाचे डाग आहेत, अडुसष्टाचा हिशोब आहे…"

"सांगेन मी. पण साहेब म्हणेल, तेल रंगवाल्याच्या हातून सांडलं. त्या तेवीसांवर जानेवारीत वर्तुळं होती, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं निंगप्पांशिवाय एकच माणूस आहे." त्या कणगीकडे न बघता बोलत होत्या. "त्या माणसाला मी बोलावणार नाही. तसं बोलावून आणलेलं खरं काही कामाचं नसतं."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

पुलाच्या तोंडाशी अर्धा गाव जमला होता. साहेब कागद चाळत उभे होते, बाजूला मल्लप्पा, जरा लांब गुरुसिद्धप्पा. येडू काठीवर हनुवटी टेकून होता. कुणीतरी पोरगं मागून "टण्ण-बद्द" ओरडलं आणि पाच-सहा जण हसले.

"निंगप्पा," साहेब म्हणाले, "तुम्ही तपासणी केली नाही, हे मान्य आहे का?"

निंगप्पांनी हात जोडले. बोलायला तोंड उघडलं.

"केली व्हती."

गर्दीतून वाट काढत दाक्षायणी पुढे आली होती. पाय धुळीनं भरलेले, तोंड रडून सुजलेलं. "अज्जानं तेवीस गोल मारली व्हती. मी त्येंच्यावर तेल घातलं. मी पुसली."

"कोण ही?" साहेबांनी विचारलं.

"दाक्षायणी. निंगप्पा मुकादमाची नात," तिनंच सांगितलं.

हसणारे हसायचे थांबले. साहेबांनी चष्मा काढला. "आजोबांनी शिकवून पाठवलं का तुला?"

"न्हाय. अज्जाला हितंच उभं करा. मी एकटी दाखवते. अडुसष्टातली अज्जाची कोणती आणि माझी कोणती. मला सगळी म्हाईत हायत."

"इतक्या दिवसांनी?"

"रोज दिसत्यात," ती म्हणाली.

गुरुसिद्धप्पा पुढे सरकला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, रंग धरत नव्हता तिथं. मला दिसलं व्हतं. मी… वरनं दुसरा हात मारला." मल्लप्पानं हातातला कागद घडी करून खिशात घातला.

साहेबांनी निंगप्पांकडून हातोडा घेतला आणि मुलीच्या मागे पुलावर गेले. तिनं वाकून एका डोक्यावर बोट ठेवलं. साहेबांनी ठोकलं. बद्द. ती दोन डोकी सोडून पुढे गेली. "ह्यो अज्जाचा." बद्द. "हे तीन माझे, हे पक्के हायत." टण्ण, टण्ण, टण्ण. "ह्यो अज्जाचा."

निंगप्पांचे सात झाल्यावर साहेब थांबले. मागे वळून त्यांनी निंगप्पांकडे पाहिलं आणि मान लववली. मग मुलीच्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "पुरे, बाळ. माझी खात्री झाली. जा तू आता घरी."

दाक्षायणीनं नाक बाहीला पुसलं.

"न्हाय साहेब. अजून सोळा हायत," ती म्हणाली, आणि गुडघे टेकून पुढच्या जोडाशी बसली.